अंत्युखियातला पंक्तिभेद

इ.स. ४९ च्या आसपासची गोष्ट. सीरियातल्या अंत्युखिया शहरात येशूला मानणाऱ्यांची एक मंडळी होती. तिच्यात यहुदी होते, ग्रीकही होते, आणि सगळे एकत्र जेवत. येशूच्या बारा शिष्यांतला सर्वांत नावाजलेला पेत्र यरुशलेमहून तिथे आला, तेव्हा तोही त्यांच्याच पंगतीला बसू लागला. मग यरुशलेमहून आणखी काही माणसं आली, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्या गोटातली. ती आल्यावर पेत्र हळूहळू मागे सरकला आणि ग्रीकांबरोबर जेवायचा बंद झाला. त्याचं पाहून बाकीचे यहुदीही सरकले, मंडळीचा पुढारी बर्णबासुद्धा. तेव्हा मंडळीचा दुसरा यहुदी पुढारी पौल याने सगळ्यांसमोर पेत्राला खडसावलं.

प्रकरण एवढंच. कुणाचा जीव गेला नाही, कुणाला मंडळीतून काढलं नाही, रोमन अधिकाऱ्यांना तर याचा पत्ताही नसावा. तरी ख्रिस्ती मंडळीची पहिली वीस वर्षं समजून घ्यायची असतील तर याच पंगतीपाशी थांबावं असं मला वाटतं. येशूवर विश्वास ठेवणाऱ्या ग्रीकाने आधी सुंता करून यहुदी व्हायचं की नाही, हा त्या पिढीपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न होता. यरुशलेमला पुढाऱ्यांची जी बैठक झाली तिच्यात तो सुटला असं सगळे धरून चालले होते, आणि जेवणाच्या वेळी तो पुन्हा उभा राहिला. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे हिंदू पुढाऱ्यांनी घेतलेल्या चहावरून प्रायश्चित्तापर्यंत काय रामायण घडलं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचं फारसं नवल वाटणार नाही.

कागद दोन, साक्षीदार एक

या घटनेचा एकमेव साक्षीदार म्हणजे पौल. गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना त्याने जे पत्र लिहिलं, त्याच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग येतो. आपल्या हाती आहे तो फिर्यादीचाच जबाब, आणि तोही रागाच्या भरात दिलेला. आपल्या बहुतेक पत्रांच्या सुरुवातीला पौल वाचकांबद्दल देवाचे आभार मानतो. इथे ते नाहीत. नमस्कार संपतो न संपतो तोच तो तुटून पडतो. पुढे तर सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांनी तेवढ्यावर न थांबता स्वतःचं सगळंच छाटून घ्यावं, इथपर्यंत त्याची जीभ घसरते. पेत्राने काय उत्तर दिलं, याकोबाची माणसं नेमकं काय म्हणाली, पंगतीत मागे राहिलेल्या ग्रीकांना काय वाटलं, यातलं काहीही त्याने नोंदवलेलं नाही.

दुसरा कागद म्हणजे 'प्रेषितांची कृत्ये'. परंपरेने तो लूकच्या नावावर आहे आणि घटनेनंतर निदान एका पिढीने लिहिलेला आहे. लूकचा स्वभाव सारवासारवीचा. यरुशलेमच्या बैठकीचं तो सविस्तर वर्णन करतो, पण अंत्युखियातल्या खडाजंगीबद्दल अवाक्षर काढत नाही. पौल आणि बर्णबा वेगळे झाले हे तो सांगतो, कारण मात्र वेगळंच देतो: योहान मार्क नावाच्या सहकाऱ्याला पुढच्या दौऱ्यावर न्यायचं की नाही यावरून म्हणे बिनसलं. लूक गप्प आहे आणि पौल बोलतो आहे तिथे मी पौलाचं ऐकतो. पौल हे लिहीत होता तेव्हा पेत्र आणि बर्णबा दोघेही हयात होते, आणि आपल्याच बाजूच्या मोठ्या माणसांशी झालेलं भांडण उगाच रचून सांगावं असं त्यात काही नव्हतं.

काळाचं गणित एका शिलालेखावर टेकलेलं आहे. ग्रीसमध्ये डेल्फी इथे सापडलेल्या लेखात गल्लियो या रोमन सुभेदाराचा उल्लेख आहे. त्यावरून तो करिंथात इ.स. ५१-५२ च्या सुमारास होता असं ठरतं, आणि पौलाला त्याच्यापुढे उभं केलं गेलं होतं. तिथून मागे मोजत गेलं की यरुशलेमची बैठक ४८-४९ च्या आसपास येते. काही अभ्यासक अंत्युखियाचा प्रसंग बैठकीच्या आधी ठेवतात. मला पौलाने दिलेला क्रमच पटतो: आधी बैठक, मग भांडण.

शहर आणि त्यातली मंडळी

अंत्युखिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या, फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाने ज्याची दैना केली ते. सेल्यूकस पहिला याने इ.स.पू. ३०० मध्ये ओरोंतेस नदीकाठी ते वसवलं. पौलाच्या काळात रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्यानंतर त्याचाच क्रमांक लागे, आणि सीरियाच्या सुभेदाराचं ठाणं तिथेच होतं. यहुदी वस्ती जुनी आणि मोठी. तिच्याबद्दल जोसेफस या यहुदी इतिहासकाराने एक बारीकशी गोष्ट नोंदवली आहे, ती मला फार बोलकी वाटते. शहरातल्या व्यायामशाळांकडून नागरिकांना अंगाला लावायला तेल मिळे. परक्यांनी काढलेलं तेल यहुद्यांना चालत नसे, म्हणून त्यांना तेलाऐवजी तेवढी रक्कम रोख देण्याची सवलत होती. पुढे शहरवासीयांनी ती बंद पाडायचा घाट घातला, तेव्हा सुभेदार म्यूकियानस याने ती टिकवली. एकाच शहरात, एकाच व्यवस्थेत राहायचं, पण तेलाचा बुधला वेगळा, असं ते सहजीवन होतं. आणि तोच जोसेफस असंही सांगतो की, इथल्या यहुद्यांच्या उपासनेकडे ग्रीक लोक सतत ओढले जात आणि यहुदी त्यांना काही प्रमाणात आपल्यात सामावूनही घेत.

या 'काही प्रमाणात' सामावलेल्या लोकांतूनच इथली मंडळी वाढली असणार. यरुशलेमात येशूला मानणाऱ्या स्तेफनाला दगडमार करून मारल्यावर जी पांगापांग झाली, तिच्यात कुप्र (सायप्रस) बेटावरचे आणि आफ्रिकेतल्या कुरेनेचे काही यहुदी अंत्युखियात आले आणि थेट ग्रीकांशी येशूबद्दल बोलू लागले. लूकने त्यांची नावं दिलेली नाहीत. इतिहासातली पहिली मोठी मिश्र मंडळी ज्यांनी उभी केली ते निनावी आहेत, आणि त्यांच्यात बारांपैकी एकही प्रेषित नव्हता. यरुशलेमला उशिरा कळलं. मग त्यांनी पाहणीसाठी बर्णबाला पाठवलं, तो मूळचा कुप्रचा लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या कुळातला. त्याला तिथलं चित्र आवडलं. तो तार्ससला जाऊन पौलाला घेऊन आला आणि दोघांनी मिळून वर्षभर शिकवलं. 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा इथेच पडलं.

इथल्या पुढाऱ्यांची यादी लूकने दिली आहे: बर्णबा, नीगर म्हणवला जाणारा शिमोन, कुरेनेचा लूक्य, गालिलाचा शासक हेरोद अंतिपा याच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला मनाएन, आणि शौल, म्हणजेच पौल. राजवाड्यात वाढलेला एक, तंबू शिवणारा एक, समुद्रापलीकडून आलेले दोघे-तिघे. अशी माणसं एका घरात जमत. चर्चची इमारत नावाची वस्तू तेव्हा नव्हतीच. कुणाच्या तरी घराचं अंगण किंवा भाड्याची खोली, संध्याकाळची वेळ, भाकरी, जैतुनाची फळं, मासे, द्राक्षारस. मांस गरिबाच्या ताटात क्वचित यायचं. येशूच्या आठवणीची भाकरी आणि प्याला याच जेवणाचा भाग होता. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच खाऊन-पिऊन तर्र होत आणि काही उपाशी राहत, म्हणून पौल तिथल्यांना झापतो, त्यावरून हे भरपेट जेवण असे हे कळतं. म्हणून पंगत वेगळी झाली की प्रभुभोजनही वेगळं झालं. हे लक्षात घेतलं नाही तर पौलाचा राग अनाठायी वाटेल.

याकोबाची बाजू

बहुतेक प्रवचनांत याकोबाची माणसं ही संकुचित, कर्मठ मंडळी म्हणून येतात. मला हे अन्यायाचं वाटतं.

सुंता ही देवाने यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याशी केलेल्या कराराची खूण आहे, असं बायबलमधल्या उत्पत्ती ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात आहे. पण पहिल्या शतकातल्या यहुद्याला ती फक्त पोथीतली गोष्ट नव्हती. दोनशे वर्षांपूर्वी अंतियोख चौथा या राजाने सुंतेवर बंदी आणली होती. मुलांची सुंता करणाऱ्या आयांना ठार मारून ती बाळं त्यांच्या गळ्यात लटकवली गेली, डुकराचं मांस तोंडात घालायला नकार दिला म्हणून म्हाताऱ्यांचे हाल केले गेले, अशा कथा मक्काबींच्या ग्रंथांत आहेत आणि त्या घराघरांत सांगितल्या जात. हा अंतियोख ज्या घराण्याचा, त्याच घराण्याची राजधानी म्हणजे अंत्युखिया. त्याच शहरात, एक यहुदी पुढारी सुंता न झालेल्यांबरोबर बसून त्यांच्या ताटातलं खातो, ही बातमी यरुशलेमात कशी ऐकू गेली असेल?

आपल्याकडच्या बेने इस्राएलांकडे पाहिलं तरी या नियमांचं बळ कळतं. कोकणात शतकानुशतकं मराठी बोलत, तेलघाण्याचा धंदा करत राहिलेले हे लोक 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. बाकीच्या यहुदी जगाशी संबंध जवळजवळ तुटलेला असूनही शब्बाथ (शनिवारी काम बंद), सुंता आणि खाण्याचे निर्बंध या आधारावर त्यांनी आपलं यहुदीपण जपलं. ज्याला याकोब धरून होता ती चीज अशी होती.

याकोब हा येशूचा भाऊ. येशूच्या हयातीत घरच्यांचा त्याच्या कामाला फारसा पाठिंबा नव्हता, पण नंतर हा भाऊ यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला. ही मंडळी यरुशलेमच्या यहुदी मंदिरात जात होती, नियम पाळत होती आणि स्वतःला यहुदीच समजत होती. वातावरणही तापलेलं होतं. इ.स. ४० मध्ये कॅलिगुला सम्राटाने आपला पुतळा मंदिरात बसवायचा हुकूम काढला होता. त्याच्या मृत्यूनेच ते संकट टळलं. ४६ ते ४८ दरम्यान तिबेरियस अलेक्झांडर या अधिकाऱ्याने, जो स्वतः धर्म सोडलेला यहुदी होता, बंडखोर यहूदा गालिलीच्या दोन मुलांना क्रूसावर चढवलं. त्याच्यामागून आलेल्या कुमानसच्या काळात वल्हांडणाच्या सणात एका रोमन शिपायाने मंदिराच्या आवारात अश्लील चाळा केला आणि जी चेंगराचेंगरी झाली तिच्यात हजारो मेले, असं जोसेफस म्हणतो. अशा गावात राहून 'आमचे लोक परक्यांबरोबर जेवतात' हे सांगणं परवडणारं नव्हतं. अंत्युखिया सरळ रेषेत पाचशे किलोमीटर लांब, पायी तीनेक आठवड्यांचा रस्ता. पण सणासुदीला येणाऱ्या यात्रेकरूंबरोबर बातम्या पोचत.

बैठकीत काय ठरलं, काय राहिलं

भांडणाला तोंड फुटलं ते यहुदियातून आलेल्या काही जणांमुळे. मोशेच्या रीतीप्रमाणे सुंता केली नाही तर तुमचं तारण नाही, असं ते अंत्युखियातल्या ग्रीकांना सांगू लागले. पौल आणि बर्णबा यरुशलेमला गेले. बरोबर पौलाने तीत नावाच्या ग्रीकाला नेलं, सुंता न झालेल्या. ही चाल विचारपूर्वक होती. चर्चा नियमांवर चालली असताना समोर एक जिताजागता माणूस बसवला की निर्णय घेणाऱ्याला त्याच्या तोंडाकडे पाहून बोलावं लागतं.

तीताला सुंतेची सक्ती झाली नाही. याकोब, पेत्र आणि योहान या तिघांनी पौल-बर्णबांशी हात मिळवले. वाटणी झाली: पेत्र यहुद्यांकडे, पौल इतरांकडे. एकच गोष्ट त्यांनी मागितली, ती म्हणजे यरुशलेमच्या गरिबांची आठवण ठेवा. क्लौद्य सम्राटाच्या काळात त्या भागात दुष्काळ पडून गेला होता, त्यामुळे मागणी रास्तच होती. त्याच दुष्काळात मेसोपोटेमियातल्या अदियाबेने राज्याची राणी हेलेना हिने इजिप्तहून धान्य आणि कुप्रहून सुके अंजीर आणून यरुशलेमात वाटले होते.

या हेलेनाच्याच घरात हाच प्रश्न त्याच सुमारास उभा राहिला होता, आणि येशूशी त्याचा काही संबंध नव्हता. तिचा मुलगा राजा इझातेस याला यहुदी धर्म पटला. सुंता करावी की नाही असं त्याने विचारलं. हनन्या नावाच्या यहुदी व्यापाऱ्याने सांगितलं की करू नको, प्रजा बिथरेल. सुंतेवाचूनही देवाची भक्ती करता येते. नंतर गालिलाहून एलाजार आला. राजाला मोशेचं नियमशास्त्र वाचताना पाहून तो म्हणाला, नुसतं वाचू नका, त्यात लिहिलंय ते करा. राजाने वैद्य बोलावून सुंता करून घेतली. जोसेफसने दिलेली ही हकिकत मी मुद्दाम इथे ठेवतो. परक्याला कुठवर आत घ्यायचं याबद्दल खुद्द यहुद्यांमध्येच दोन मतं होती आणि पौल-याकोबाचा वाद त्या मोठ्या वादाचा एक तुकडा होता, हे तिच्यातून दिसतं.

आता बैठकीतली फट पाहा. पेत्र यहुद्यांकडे, पौल इतरांकडे. मग ज्या मंडळीत दोन्ही आहेत तिथे कुणाचा नियम? ग्रीकाने सुंता करायची नाही हे ठरलं. पण यहुद्याने त्या ग्रीकाबरोबर जेवायचं की नाही हे कुणी विचारलंही नाही. पौलाच्या समजुतीने तो प्रश्न आपोआप सुटला होता. याकोबाच्या समजुतीने ग्रीकांना सूट मिळाली होती, यहुद्यांना मिळालेली नव्हती. दोघेही हात मिळवून उठले आणि दोघेही प्रामाणिक होते. करार लिहिताना जी बाब दोन्ही पक्षांना उघडच वाटते ती लिहायची राहते, आणि पुढे कज्जा तिच्यावरूनच होतो.

पंगत मोडली तो दिवस

खरं तर एक दिवस नव्हताच. पौलाचं वर्णन असं आहे की पेत्र हळूहळू मागे हटला. आज जरा उशिरा आला, उद्या दुसऱ्या घरी जेवला, मग येईनासा झाला, असं काहीसं घडलं असावं. तो कुणाला काही बोलला नाही. ग्रीकांनो, तुम्ही अशुद्ध आहात असं म्हणण्याचा त्याचा स्वभावही नव्हता. गालिलातला हा कोळी याआधी कैसरियात कर्नेल्य या रोमन शतपतीच्या घरी जाऊन आलेला होता. तिथून परतल्यावर यरुशलेमात त्याच्यावर ठपका आला तो बाप्तिस्मा दिल्याचा नव्हता. सुंता न झालेल्यांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, असा होता. तेव्हा त्याने आपली बाजू नीट मांडली होती. म्हणून अंत्युखियातली त्याची माघार जास्त बोचते.

पौल म्हणतो, तो सुंतावाल्यांना भ्याला. असेलही. पण पेत्राच्या जागी बसून पाहिलं तर गणित वेगळं दिसतं. त्याच्या वाट्याला यहुद्यांमधलं काम आलेलं. परक्यांबरोबर जेवतो असा बोभाटा झाला की यरुशलेमातलं त्याचं दार बंद. चार दिवस वेगळं जेवलं तर काय बिघडलं, पाहुणे गेले की पुन्हा बसू. कुणाला दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांना दुखवणारी ही तडजोड चांगली माणसंच करतात. बर्णबाचंही तेच झालं. पौलाच्या वाक्यात सगळ्यात जास्त दुःख कुठे असेल तर 'बर्णबासुद्धा' यात. यरुशलेमात कुणी पौलाला जवळ करत नव्हतं तेव्हा त्याचा हात धरणारा, त्याला तार्ससहून शोधून आणणारा हाच माणूस.

पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला विचारलं ते थोडक्यात असं: तू यहुदी असून इतके दिवस बिगर-यहुद्यासारखा राहिलास, मग आता बिगर-यहुद्यांना यहुद्यासारखं राहायला भाग का पाडतोस?

पेत्राने तर कुणालाच भाग पाडलेलं नव्हतं. पण पौलाचा युक्तिवाद इथेच धारदार आहे. मंडळीतला सर्वांत मोठा माणूस ज्या पंगतीला बसतो ती खरी पंगत ठरते. तिथे जागा हवी तर ग्रीकाला सुंता करावी लागणार. हुकूम न काढता सक्ती होते. दुसरी एक बाब सहज नजरेतून सुटते: पेत्राची श्रद्धा चुकीची आहे असं पौल कुठेच म्हणत नाही. दोघांचंही मत एकच आहे हे गृहीत धरून, मताप्रमाणे वागत नाहीस, ढोंग करतोस, असं तो म्हणतो. आणि हे सगळं उघड्यावर. एकांतात समजावता आलं असतं, तसं करायला हवं होतं असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पेत्राची माघार सगळ्यांना दिसली होती. मागच्या खोलीत झालेलं समजावणं पंगतीतल्या ग्रीकांपर्यंत पोचलं नसतं.

पौल हटवादी होता असंही नाही. पुढे तीमथ्याची सुंता त्याने स्वतः करवली, असं लूक सांगतो. तीमथ्याची आई यहुदी होती. तीत ग्रीक होता, त्याच्याबाबतीत पौल तसूभर हलला नाही.

निकाल

पेत्राने चूक कबूल केली, असं पौल लिहीत नाही. जिंकला असता तर गलतीकरांना ते सांगितल्याशिवाय तो राहिला नसता. त्याला दाखल्याची गरजच होती. त्याऐवजी त्याचं बोलणं पेत्राकडून सरकत सरकत सिद्धांताकडे जातं आणि प्रसंग अर्धाच सुटतो. पुढच्या घटनाही त्याच बाजूला बोट दाखवतात. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला, पौल सीलाला घेऊन निघाला. त्यानंतर अंत्युखियाची मंडळी पौलाच्या पाठीशी उभी असल्याचं दिसत नाही. लूकच्या सांगण्यानुसार तो तिथे आणखी एकदाच काही काळ राहिला. त्याचं काम एजियन समुद्राच्या दोन्ही काठांवर, करिंथ आणि इफिससकडे सरकलं. माझ्या मते अंत्युखियात तो हरला. मंडळी याकोबाच्या बाजूने झुकली, आणि त्या पराभवाने पौलाला पश्चिमेकडे ढकललं.

तिथे मग काय तोडगा निघाला? लूकने यरुशलेमच्या बैठकीचं म्हणून एक पत्र दिलं आहे. अंत्युखिया, सीरिया आणि किलिकियातल्या बिगर-यहुदी बांधवांना चार गोष्टी टाळायला सांगितल्या: मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं, आणि व्यभिचार. ही चार कलमं मनात येतील तशी लिहिलेली नाहीत. मोशेच्या नियमशास्त्रातल्या लेवीय ग्रंथाच्या १७ व्या आणि १८ व्या अध्यायांत, इस्राएलांमध्ये राहणाऱ्या परक्यालाही जे नियम लागू आहेत, त्यांच्याशी ती जुळतात. याकोबाचं डोकं इथे दिसतं. ग्रीकाला यहुदी न करता, आपल्यात राहणारा पाहुणा म्हणून त्याने शास्त्रातच जागा शोधली. सुंता नको, पण रक्त न सांडलेलं मांस पंगतीत आणू नकोस, म्हणजे आमचा माणूस तुझ्याशेजारी बसू शकेल.

हे पत्र भांडणाच्या आधी असतं तर भांडण होण्याचं कारणच उरत नव्हतं. पौल बैठकीबद्दल लिहिताना त्याचा उल्लेख करत नाही. उलट, त्या तिघांनी माझ्यावर जास्तीचं काही लादलं नाही असं ठासून सांगतो. करिंथकर मूर्तींना वाहिलेल्या मांसाबद्दल त्याला विचारतात, तेव्हाही तो या पत्राकडे बोट दाखवत नाही, स्वतःचा वेगळाच विचार मांडतो. आणि लूकच्याच ग्रंथात, पौल शेवटचा यरुशलेमला येतो तेव्हा याकोब त्याला या चार कलमांबद्दल अशा सुरात सांगतो की जणू त्याला ती नवीन असावीत. त्यामुळे हे पत्र अंत्युखियाच्या प्रकरणानंतरचं आणि त्याच्यावरचाच तोडगा आहे, असं मानणाऱ्या अभ्यासकांच्या बाजूने मी आहे. लूकने दोन बैठकांची एक करून टाकली.

पुढचं

पौलाने गरिबांसाठीची वर्गणी मात्र नेटाने गोळा केली. इ.स. ५७ च्या सुमारास ती घेऊन तो यरुशलेमला गेला. ती स्वीकारली गेली का, याबद्दल लूक मौन पाळतो. मंदिरात पौलाला पकडलं ते इफिससच्या त्रफिम नावाच्या ग्रीकाला कठड्याच्या आत नेल्याच्या अफवेवरून. तो कठडा ओलांडणाऱ्या परक्याच्या मरणाला तो स्वतःच जबाबदार, अशी ग्रीक पाटी तिथे लावलेली असे. तिचा दगड १८७१ मध्ये सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

याकोबाला इ.स. ६२ मध्ये महायाजक हनान याने, नियमशास्त्र मोडल्याच्या आरोपाखाली, दगडमार करवून मारलं. नियमांसाठी आयुष्यभर ज्याने पौलाशी ओढाताण केली त्याच्यावर हा आरोप. जोसेफस सांगतो की शहरातल्या नियमांबाबत काटेकोर असलेल्या लोकांनाही ते आवडलं नाही, आणि हनानचं पद गेलं. ६६ मध्ये रोमशी युद्ध पेटलं, ७० मध्ये मंदिर जळालं, यरुशलेम पडलं. याकोबाच्या मंडळीचं वजन त्याबरोबर ओसरलं. ग्रीकांची संख्या वाढत गेली आणि प्रश्न उलटा झाला: आता येशूला मानणाऱ्या यहुद्याला मंडळीत जागा आहे का? दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचाच बिशप इग्नाती लिहितो की येशू ख्रिस्ताचं नाव घ्यायचं आणि यहुदी रीती पाळायच्या हे विचित्र आहे. पौलाची सरशी झाली ती वादात जिंकून झाली असं म्हणता येत नाही. युद्धाने आणि माणसांच्या संख्येने ती त्याच्या पदरात टाकली.

याकोबाचा तोडगा मात्र बराच काळ जगला. 'दिदाखे' या जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत खाण्याबद्दल सल्ला आहे की झेपेल तेवढं पाळा, पण मूर्तींना वाहिलेल्यापासून कटाक्षाने दूर राहा. इ.स. १७७ मध्ये गॉलमधल्या लुग्दुनुम इथे, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या ल्याँ शहरात, ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. मुलं खाण्याचा आरोप ठेवलेल्या बिब्लिस नावाच्या बाईने हाल सोसताना उत्तर दिलं की ज्यांना जनावराचं रक्तसुद्धा चालत नाही ते मुलं कशी खातील? इथिओपियाच्या चर्चमध्ये सुंता आणि डुकराचं मांस न खाणं आजही चालू आहे.

पेत्र-पौलाच्या भांडणाची लाज मात्र नंतरच्यांना वाटू लागली. पौल पेत्राला 'केफा' या त्याच्या अरामी नावाने संबोधतो, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंत या ख्रिस्ती लेखकाने म्हणून पाहिलं की हा केफा म्हणजे पेत्र नव्हेच, त्याच नावाचा दुसरा कुणी शिष्य. तिसऱ्या शतकात पोर्फिरी या ख्रिस्तीविरोधी तत्त्वज्ञाने, तुमच्या दोन पुढाऱ्यांचंच पटत नव्हतं, म्हणून टर उडवली. त्याला उत्तर म्हणून बायबलचा भाषांतरकार जेरोम याने आधीच्या काळातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन याचा जुना खुलासा उचलला: दोघांनी संगनमताने नाटक केलं, लोकांना धडा मिळावा म्हणून. उत्तर आफ्रिकेतून ऑगस्टीन या बिशपने बेथलेहेममधल्या जेरोमला पत्र लिहिलं की शास्त्रात एक जागी सोयीसाठी खोटं लिहिलं असं मान्य केलं, तर बाकीच्या कुठल्या ओळीवर विसंबायचं? हे पत्र वाटेत भरकटलं आणि जेरोमच्या हाती पडण्याआधी इटलीत हातोहात फिरलं. आपल्यावरची टीका आपल्याआधी जगाने वाचली म्हणून जेरोम चिडला, आणि पुढची काही वर्षं दोन संतांची या प्रकरणावरून पत्रांतून चांगलीच जुंपली.